मजा हवी आणि अ‍ॅव्हरेजही: पुण्यात जुनी पेट्रोल गाडी शोधून नावावर होईपर्यंत

जुलै २०२५ मध्ये आमची डिझेल हॅचबॅक विकली. हिंजवडीचं ऑफिस आता आठवड्यातून तीनच दिवस, बाकी काम घरून. रनिंग निम्म्यावर आलं होतं, आणि डिझेलचा जास्तीचा खर्च भरपूर रनिंग असेल तरच वसूल होतो. पुढची गाडी पेट्रोल, मॅन्युअल, सगळं धरून सहा लाखांत, आणि चालवायला मजा आली पाहिजे. ही शेवटची अट सांगितली की समोरचा हमखास विचारायचा, "मग अ‍ॅव्हरेजचं काय?" दोन्ही मागणं म्हणजे जणू हावरटपणा.

गाडी माझ्या नावावर होऊन आरसी घरी यायला जानेवारी उजाडला. जवळजवळ अर्धा वेळ शोधण्यात गेला आणि उरलेला कागदपत्रांत. कोणती गाडी घ्यावी यावर सल्ला देणारे पैशाला पासरी मिळतात, कागदांबद्दल मात्र कुणी नीट सांगत नाही. म्हणून तो भाग जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवातीला मी फक्त आकडे वाचले. जाहिरातीत असतो तो 'एआरएआय प्रमाणित' आकडा. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था. ही संस्था आमच्या कोथरूडच्या डोक्यावर, वेताळ टेकडीवरच आहे. पण ती चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडीची चाकं रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग कमी-जास्त करत, जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटरपर्यंत नेतात, तेही एसी बंद ठेवून. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा ठीक, पेट्रोलचं बजेट मांडायला नाही. मी सरळ त्याचे सत्तर टक्के धरले. २३ सांगत असतील तर शहरात १६, १८ सांगत असतील तर साडेबारा. पुढे प्रत्यक्षात हे गणित बऱ्यापैकी जुळलं.

मला जास्त उपयोगी पडला तो दुसरा आकडा, गाडीचं वजन. लोक हॉर्सपॉवर विचारतात, वजन कुणी विचारत नाही. शहरात आपण पेट्रोल जाळून गाडीला वेग देतो आणि पुढच्या सिग्नलला तो सगळा वेग ब्रेक तापवण्यात घालवतो. गाडी जितकी जड तितकं हे नुकसान मोठं. आणि हलकी गाडी वळणावर पटकन वळते, ब्रेकला पटकन थांबते, छोट्या इंजिनालाही चटकन पिकअप घेते. म्हणजे मला हवी ती मजा आणि मला हवं ते अ‍ॅव्हरेज एकाच जागेतून येत होतं. हायवेला ८०-९० च्या पुढे हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तिथे वजनापेक्षा गाडीची उंची आणि आकार जास्त नडतो. त्यामुळे छोट्या एसयूव्ही माझ्या यादीतून पहिल्याच फटक्यात गेल्या.

ऑगस्टमध्ये टेस्ट ड्राइव्ह सुरू केल्या. विकणाऱ्याला सोसायटीभोवती एक चक्कर मारून आणण्यात रस असतो. मी आधीच फोनवर सांगायचे की चांदणी चौकाचा चढ आणि पुढे पिरंगुटच्या घाटापर्यंत गाडी चालवणार, पेट्रोल मी टाकते. याला जो नाही म्हणेल त्याची गाडी बघायलाच जायचं नाही. चढावर एसी लावून तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाला आणायची आणि एक्सलरेटर हळू दाबायचा. इंजिन कुरकुरतं की गुमान ओढतं, ते तिथेच कळतं. घाटात वळणावर स्टिअरिंग किती फिरवावं लागतं, गाडी किती कलते, आणि ब्रेक दाबल्यावर नाक खाली जातं का, एवढं बघायचं. एक अनुभव बायकांसाठी: नवरा सोबत असला की विकणारा क्लच, इंजिन, मायलेज सगळं त्यालाच सांगतो आणि मला सीटकव्हर दाखवतो. माझा नवरा गाडी चालवतो ती नाइलाज म्हणून. पुढेपुढे मी त्याला घरीच ठेवायला लागले.

फोक्सवॅगनची पोलो १.० टीएसआय चालवली आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. ११० पीएस (म्हणजे जवळजवळ तेवढीच हॉर्सपॉवर), टर्बो, सहा गिअर. दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो जागा झाला की पाठ सीटला टेकते. पण समोरच्या डिस्प्लेवर चालू अ‍ॅव्हरेजचा आकडा लावून ठेवला होता, आणि मजा घ्यायला गेलं की तो धाडकन खाली येत होता. टर्बो इंजिन शांतपणे चालवलं तर वाचवतं, पण शांतपणे चालवायचं तर ते घ्यायचं कशाला? शिवाय पोलो २०२२ मध्ये बंद झाल्यापासून तिचे चाहते भाव उतरू देत नाहीत. चांगली गाडी माझ्या बजेटच्या बरीच वर होती.

होंडा सिटीचं दीड लिटरचं आय-व्हीटेक इंजिन वरच्या आरपीएमला असं काही गातं की गिअर बदलूच नये वाटतं. बघितली ती २०१६ ची, ठेवलीही उत्तम होती. पण माझा रोजचा रस्ता वाकडच्या ट्रॅफिकमधला. तिथं ते इंजिन कधी गाणारच नाही, नुसतं पेट्रोल पिणार. फोर्ड फिगोचं स्टिअरिंग मला या सगळ्यांत जास्त आवडलं, हे प्रामाणिकपणे सांगते. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. माझ्या मेकॅनिकचं म्हणणं पडलं, "ताई, सर्व्हिसिंगचं सामान मिळेल, पण गाडी ठोकली आणि बॉडीपार्ट लागला तर थांबायची तयारी ठेवा." रोजच्या वापराची एकच गाडी असताना ती तयारी माझी नव्हती.

राहिली स्विफ्ट. अगदी सगळ्यांकडे असते म्हणून मी तिच्याकडे बघतच नव्हते. २०२१ मध्ये तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टला ड्युअलजेट इंजिन आलं: १.२ लिटर, चार सिलिंडर, ९० पीएस, मॅन्युअलला सांगितलेलं अ‍ॅव्हरेज २३.२. वजन नऊशे किलोच्या आसपास. एका मैत्रिणीची चालवायला घेतली आणि घाटातल्या पहिल्या दोन वळणांतच निर्णय झाला. स्टिअरिंग पोलोइतकं भरीव नाही, दार लावल्यावर 'धप' असा आवाज येत नाही, पण गाडी पायाच्या नुसत्या इशाऱ्यावर निघते.

तेवढ्यात ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २८ ऐवजी १८ टक्के, २२ सप्टेंबरपासून. घरात लगेच प्रश्न निघाला की आता नवीच का नको. शोरूमला जाऊन आले. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टला तीन सिलिंडरचं इंजिन आहे, ८२ पीएसचं. अ‍ॅव्हरेज आणखी चांगलं सांगतात, २४.८, आणि सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना. पण एक्स-शोरूम किमतीवर महाराष्ट्राचा ११ टक्के रोड टॅक्स आणि इन्शुरन्स चढला की अगदी बेस मॉडेलही साडेसहाच्या पुढे जात होतं. आणि चालवताना त्या इंजिनची थरथर मला खटकत राहिली. जुन्या गाडीचा एकरकमी कर पहिल्या मालकानं भरलेला असतो, हा सेकंडहँडचा फायदा बऱ्याच जणांच्या हिशेबात येत नाही. कर कमी झाल्याचा मला वेगळाच उपयोग झाला: नव्या गाड्या स्वस्त झाल्यावर जुन्यांचे भाव सांगणाऱ्यांचा आवाज दसऱ्यापर्यंत बराच खाली आला.

दसऱ्याच्या सुमारास एका डीलरकडे बघितलेली स्विफ्ट सांगण्यासारखी आहे. मीटरवर २८ हजार किलोमीटर, सिंगल ओनर, चकाचक. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गाडी २०२१ ची, चारही टायर २०२४ चे. २८ हजारांत चारही टायर का बदलावे लागले? क्लचच्या पेडलवरचं रबर मधोमध गुळगुळीत. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला, म्हणजे बॉनेट कधीतरी खोललेलं. मी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिस हिस्ट्री काढून द्यायला सांगितलं. "देतो मॅडम, उद्या देतो," असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी फोन केला नाही.

अखेर दिवाळीनंतर ओळखीतून सहकारनगरच्या एका काकूंची गाडी कळली. २०२१ ची स्विफ्ट, झेडएक्सआय मॉडेल, एमएच-१२, ३४ हजार रनिंग. मुलानं घेऊन दिली होती, तो जर्मनीला गेला आणि काकूंना आता क्लच झेपत नव्हता. टायर पहिलेच, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेनुसार लावलेल्या. डाव्या मागच्या दारावर गेटला घासल्याचा ओरखडा होता, आणि तो काकूंनी मी विचारायच्या आधी दाखवला. मेकॅनिकला पंधराशे रुपये देऊन गाडी लिफ्टवर चढवून घेतली, स्कॅनर लावला. पुढचे ब्रेक पॅड सोडून काही निघालं नाही. बॅटरी मात्र तपासून घ्या असं तो म्हणाला: या इंजिनला सिग्नलवर आपोआप बंद-चालू होण्याची सोय आहे आणि तिला वेगळ्या प्रकारची महाग बॅटरी लागते. ती काकूंनी मार्चमध्येच बदलली होती.

इथे घरात खरा वाद झाला. नवऱ्यानं ग्लोबल एनकॅपचा, म्हणजे गाड्या आपटवून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या संस्थेचा, २०२२ चा निकाल काढून समोर ठेवला. या पिढीच्या स्विफ्टला एक स्टार. मॅन्युअलमध्ये ईएसपीही (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) नाही, दोन एअरबॅग आणि एबीएस एवढंच. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. हलकेपणाची ही किंमत आहे, आणि ज्यांना हा मुद्दा सगळ्यांत आधी वाटतो त्यांनी दीड-दोन लाख वाढवून नवी घ्यावी किंवा जास्त स्टारची जड गाडी घ्यावी. आमचं रनिंग बहुतेक शहरातलं, तीस-चाळीसच्या वेगाचं, म्हणून मी हो म्हटलं. मागच्या सीटवरही बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलणार नाही, हे मात्र त्यानं कबूल करून घेतलं.

किंमत ठरली ५ लाख ४० हजार. टोकन देण्याआधी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर गाडीची माहिती काढली आणि कळलं की आरसीवर अजून बँकेचा बोजा आहे. काकू म्हणाल्या, "अगं, कर्ज तर गेल्या वर्षीच फिटलं!" फिटलं होतं, पण बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आरटीओच्या नोंदीतून काढून घ्यावा लागतो, आणि काकूंच्या कपाटातली एनओसी तीन महिन्यांच्या मुदतीची, केव्हाच संपलेली. बँकेनं नवी द्यायला तीन आठवडे लावले. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत, तिथून ईमेल, ईमेलला उत्तर नाही. शेवटी लेखी अर्जाची पोच घेतल्यावर काम हललं. गाडी बघायला जायच्या आधीच विचारा: कर्ज होतं का, आणि बोजा उतरवलाय का?

त्याच वेळी ई-चलान तपासले. एक जुनं वेगमर्यादेचं निघालं, ते काकूंनी भरलं.

दुसरी अडचण ओटीपीची. नाव बदलण्याचा अर्ज आता ऑनलाइन होतो, पण रेकॉर्डवरचा मोबाइल नंबर होता मुलाचा, आणि त्याचं भारतातलं सिम कधीच बंद पडलं होतं. ओटीपी कुठे जात होता देव जाणे. आधी पोर्टलवर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर टाकून काकूंचा नंबर नोंदवला, मग बोजा उतरवण्याचा अर्ज, तो मंजूर झाल्यावर नाव बदलण्याचा. हा क्रम उलटा चालत नाही.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. २९ म्हणजे विकणाऱ्यानं दिलेली सूचना, ३० दोघांचा मिळून. एकाच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. सोबत आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट मेकॅनिकनं काढून दिला: नंबरावर पातळ चिकटपट्टी लावायची, वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटले की पट्टी सोलून कागदावर चिकटवायची. पहिल्या वेळी सात आणि एक सारखेच दिसत होते, म्हणून परत काढला. एजंटनं या सगळ्याचे साडेसहा हजार सांगितले होते. सरकारी फी त्यापुढे किरकोळ आहे. वेळ असेल तर स्वतः करा, आणि संगम पुलाजवळच्या आरटीओत जावं लागलंच तर सकाळी खिडकी उघडताना जा. जेवणाच्या सुट्टीनंतरची रांग वेगळी चीज आहे.

पैसे सगळे बँकेतून दिले. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला तशीही कायद्यानं बंदी आहे. टोकन ११ हजार, गाडी ताब्यात घेताना बाकीचे, फक्त ५० हजार बोजा उतरून नाव बदलण्याचा अर्ज दाखल होईपर्यंत राखून ठेवले. हे आधीच कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या, त्यामुळे कुणालाच अवघड वाटलं नाही. ६ डिसेंबरला गाडी घरी आणली तेव्हा ताबापावतीवर तारखेसोबत वेळही टाकली. त्या वेळेनंतरचं चलान माझं, आधीचं काकूंचं.

इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करावा लागतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, आपल्याला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. म्हणून काकूंच्या पॉलिसीतल्या सवलतीचा फरक कंपनी मागते. मी डिझेल विकताना विमा कंपनीकडून माझ्या बोनसचं पत्र घेऊन ठेवलं होतं, ते तीन वर्षं चालतं. ते दिल्यावर फरक जवळजवळ शून्यावर आला. जुनी गाडी विकताना हे पत्र घ्यायला विसरू नका, नंतर मागायला गेलं की फेऱ्या होतात.

आरसी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टानं आली. सगळं मिळून खर्च पाच लाख बासष्ट हजार. त्यात इन्शुरन्स, ब्रेक पॅड, सर्व्हिसिंग आणि आरटीओ आलं.

अ‍ॅव्हरेज मी टँकफुल ते टँकफुल काढते. एकाच पंपावर, पहिला ऑटो कट होईपर्यंत भरायचं, ट्रिप मीटर शून्य करायचं, पुढच्या वेळी तसंच भरून किलोमीटर भागिले लिटर. डिस्प्ले नेहमी एखादा किलोमीटर जास्त दाखवतो. हिंजवडीच्या दिवसांत १४ ते १५, नुसत्या शहरात १६, वाईला जाताना नव्वदच्या आत ठेवली तर २१. खंबाटकीत आणि पसरणी घाटात जरा हात मोकळा सोडला की १८, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे कागदावर सहा-सात टक्के ऊर्जा तिथेच कमी. शिवाय ई२० ला चालणारे सुटे भाग एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत आले, माझी त्याआधीची. पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या लाइनचे रबरी पाइप आणि सील बघून घ्यायला मेकॅनिकला सांगितलंय. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका असंही तो म्हणतो, कारण टाकीच्या रिकाम्या भागातल्या हवेतला ओलावा इथेनॉल धरतं. आमची एवढी उभी राहत नाही. काही ना काही निमित्त काढून मी रविवारी पिरंगुटला जाऊन येतेच.